गडग्यावरचा ओंडका

"अगो, तुझं होतंय का लॉगिन? माझं कालपासून नाहीच म्हणतंय."

वरच्या घरच्या काकू मोबाइल पदराला पुसत पुसत गडग्याशी आल्या. पुसल्यानं लॉगिन होतं असा त्यांचा ठाम समज आहे.

आमच्या आणि भाऊंच्या आवारामधला हा गडगा जांभ्याचा, कमरेएवढा. गुरं शिरू नयेत म्हणून कधीकाळी घातलेला. गुरं गेली, गडगा राहिला. कोपरं टेकून उभं राहायला उंची अगदी बेतशीर आहे, त्यामुळे वाडीतल्या निम्म्या बातम्या इथूनच निघतात आणि उरलेल्या निम्म्या इथे येऊन दुरुस्त होतात.

पलीकडे वहिनी सुपात कुळीथ पाखडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "बँकेचं का? काय म्हणतंय?"

"इनव्हॅलिड म्हणतंय. चाळीस वर्षं त्या बँकेत खातं आहे आमचं, आणि मी इनव्हॅलिड!"

"माझं लॉगिन होत नाही, माझं लॉगिन होत नाही," वहिनी हसल्या. "कालपासून चाललंय तुमचं. ऐकणाऱ्याला वाटेल लग्नच होत नाहीये कुणाचं तरी."

एवढ्यात भाऊ आतून आले. भाऊ बोटीवर होते. कप्तान नव्हते, सुकाणू धरायचे, पण आमच्याकडे बोटीवरून परत आलेला प्रत्येक जण कप्तानच असतो. परसातल्या कलमाला मोहोर किती धरलाय हे बघायला निघाले होते, पण लॉगिन शब्द कानावर पडला आणि कलम राहिलं बाजूला.

"लॉगिन म्हणजे काय, ते तरी माहित्येय का?"

"आत जाणं," काकू म्हणाल्या. "दार उघडून आत. त्यात माहीत काय असायचंय?"

"लॉग म्हणजे ओंडका हो, काकू. लाकडाचा ओंडका."

"म्हणजे बँकेत ओंडका घेऊन जायचं?"

वहिनींनी सूप खाली ठेवलं. "झालं. लागली बोट धक्क्याला. आता तासभर तरी कुणी उतरत नाही."

मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. गेट अप, गेट ऑन, गेट ओव्हर, गेट अवे: क्रियापदाला शेपट्या लावायच्या आणि पोरांनी घोकायच्या. कुठली शेपटी कुठून आली याची चौकशी अभ्यासक्रमात नव्हती आणि वर्गात कुणी केलीही नाही. त्यामुळे कान टवकारले.

भाऊंची सांगायची पद्धत अशी, की आधी समुद्र, मग बोट आणि मग मुद्दा. भर समुद्रात चारी बाजूंना पाणी. किनारा नाही, खूण नाही. बोट किती वेगानं चालली आहे हे कळायचं कसं? आणि वेग कळला नाही, तर आपण कुठवर आलो तेही कळत नाही. मग खलाशांनी युक्ती काढली. बोटीच्या मागच्या अंगानं दोरी बांधलेलं लाकूड पाण्यात टाकायचं. लाकूड जाईल कुठे? ते आपलं पाण्यावर जागच्या जागी राहणार. बोट मात्र पुढे जाणार. ठरावीक वेळात किती दोरी सुटली ते मोजायचं, की झाला वेग.

"ते लाकूड म्हणजे लॉग. १५७४ साली विल्यम बोर्न नावाच्या इंग्रजानं खलाशांसाठी पुस्तक लिहिलं, त्यात ही रीत छापलेली आहे. पुढे ओंडक्याची पातळ फळी झाली. एवढी," भाऊंनी हवेत हात फिरवला, "चतकोर भाकरीसारखी. गोल कडेला शिसं ठोकलेलं, म्हणजे पाण्यात उभी राहते, दोरीबरोबर ओढली जात नाही. तीन टोकांना तीन दोऱ्या. त्यातली एक नुसती खुंटीनं अडकवलेली. मोजून झालं की हिसका द्यायचा, खुंटी सुटते, फळी आडवी पडते आणि अलगद ओढून घेता येते. नाहीतर समुद्राचं पाणी सोडतंय होय तिला!"

"बघितलीत तुम्ही?" मी विचारलं.

"आमच्या वेळी कुठली? आमच्या वेळी यंत्रं. पण ट्रेनिंगला असताना एक होती भिंतीवर लावलेली. मास्तर काढून दाखवायचा."

काकूंना फळीत रस नव्हता, पण बँकेकडे परत जायला वाटही मिळेना. "बरं, दोरी मोजायची कशी? टेप लावून?"

हे विचारायला नको होतं. भाऊ तरातरा विहिरीकडे गेले आणि रहाटाचा दोर सोडून घेऊन आले. वहिनी ओरडल्या, "अहो, पाणी काढायचंय मला!" पण तोवर नातवाला हाक गेली होती, टेप आला होता आणि गोठ्यातल्या जुन्या गव्हाणीची एक ढलपी निघाली होती.

गाठ बांधायची ती सत्तेचाळीस फूट तीन इंचांवर, हे भाऊंचं गणित. का, तर समुद्री मैल ६०८० फुटांचा, तासाचे सेकंद ३६००, आणि बोटीवर वाळूचं घड्याळ असायचं २८ सेकंदांचं. मैलाचा आणि तासाचा जो हिशेब, तोच गाठींमधल्या अंतराचा आणि वाळूचा. म्हणजे वाळू खाली जाईपर्यंत हातातून जितक्या गाठी सरकतील तितके मैल तासाला. वेगळा गुणाकार नको, भागाकार नको. खलाशाला आकडेमोड येवो न येवो, गाठी मोजता आल्या की झालं. गाठीला इंग्रजीत नॉट, म्हणून बोटीचा वेग आजही नॉटमध्येच सांगतात. विमानाचासुद्धा.

"आणि वादळाचा," वहिनी म्हणाल्या.

वादळाचं नाव काढल्यावर सगळेच जरा थांबलो. ३ जून २०२०, निसर्ग. रायगडात जमिनीवर चढलं, पण आमच्या बाजूची पोफळं, नारळ, कौलं कुणाचीच जागेवर राहिली नव्हती. हवामान खातं चक्रीवादळ म्हणतं ते वारा ३४ नॉटच्या वर गेला की. ताशी साधारण ६२ किलोमीटर. त्या दिवशी भाऊ रेडिओजवळ बसून नॉटचे किलोमीटर करून सांगत होते आणि वहिनी त्यांना सांगत होत्या, की आकडे नंतर, आधी माळ्यावरचं भात खाली घ्या.

आमचा दोर सत्तेचाळीस फुटांच्या गाठींना पुरणार नव्हता. भाऊ म्हणाले, हरकत नाही, वेगात असलेल्या बोटीवर चौदा सेकंदांचं निम्मं घड्याळ वापरायचे, आपण गाठी निम्म्यावर मारू. तेवीस फूट साडेसात इंच. इंच टेपवर नीट धरायला मीच गेले. दोराच्या टोकाला ढलपी, ती काकूंच्या हातात. काकू म्हणजे समुद्र. गुंडाळलेला दोर नातवाच्या हातात. नातू म्हणजे बोट. वहिनींनी मोबाइलवर सेकंद धरायचे, तेवढ्यासाठी त्यांचा राग थोडा उतरला.

"नुसतं टाकलं की मोजायला लागायचं नाही," भाऊ बजावत होते. "बोटीमागचं पाणी खळबळलेलं असतं. त्याच्या पलीकडे लाकूड जाईपर्यंतची दोरी धरायचीच नाही. तिथे फडकं बांधलेलं असतं. फडकं हाताला लागलं की ओरडायचं, आणि दुसऱ्यानं घड्याळ उलटं करायचं." वहिनींच्या खांद्यावरचा पंचा फाडायला निघाले होते, तो वाचवून मी माझ्या केसांची रिबीन दिली.

नातू निघाला वाडीच्या रस्त्यानं खालच्या अंगाला, झपझप. रिबीन सुटली, "हं!", दोर सळसळत गेला. एक गाठ. दोन. काकू दोन्ही हातांनी ढलपी धरून डोळे मिटून उभ्या. तीन. "बास!" वहिनी ओरडल्या. चौथी गाठ यायला हातभर बाकी होती.

"साडेतीनच्या वर. चार धरा," भाऊ खूश. "चार नॉट. आपला मुलगा ताशी सात-साडेसात किलोमीटरनं चालला."

"शाळेत जाताना का नाही चालत असा?" वहिनी म्हणाल्या.

भाऊंच्या म्हणण्यात एक मजेची गोष्ट होती, ती सांगायलाच हवी. सुरुवातीला गाठी बेचाळीस फुटांवर मारायचे आणि घड्याळ तीस सेकंदांचं ठेवायचे, कारण मैलच पाच हजार फुटांचा धरलेला. रिचर्ड नॉरवुड नावाच्या माणसानं १६३० नंतरच्या वर्षांत लंडनपासून यॉर्कपर्यंतचं अंतर साखळीनं, कुठे कुठे पावलांनी मोजलं, दोन्हीकडे सूर्य बघितला आणि हिशेब मांडला, की मैल सहा हजार फुटांच्याही वर आहे. १६३७ साली पुस्तकात छापलं, गाठी लांब करा. पण खलाशी कितीतरी वर्षं ऐकेनात. गाठी जवळ असल्या की मोजणी जास्त भरते, म्हणजे आपण आहोत त्याच्या पुढे आहोत असं वाटतं. किनारा यायच्या आधीच माणूस सावध होतो. खडकावर आपटण्यापेक्षा आधी घाबरलेलं बरं, हा त्यांचा हिशेब. मला नॉरवुडपेक्षा हे खलाशी जास्त पटले.

"सगळं खरं," काकू ढलपी खाली टाकत म्हणाल्या, "पण माझी बँक?"

"येतंय, येतंय. हा वेग तासातासाला मोजला, तो लिहायला नको? काळ्या रंगाच्या दोन फळ्या, पुस्तकासारख्या मिटणाऱ्या. त्यावर खडूनं लिहायचं. कितवा तास, किती गाठी, दिशा कुठली, वारा कुठला. ती लॉगची पाटी. दुपारी बारा वाजले की त्यावरचं सगळं वहीत उतरवायचं आणि पाटी पुसायची. ती वही म्हणजे लॉगबुक. मग त्या वहीत बोटीवरचं सगळंच यायला लागलं. कोण आजारी पडलं, कोण पडलं समुद्रात, शीड कधी फाटलं. लाकूड राहिलं बाजूला, वहीला मात्र नाव लाकडाचंच."

इथे माझ्याही डोक्यात उजेड पडला. सरकारी गाडीला लॉगबुक असतं. एसटीच्या ड्रायव्हरकडे लॉगशीट असते. खालच्या सबस्टेशनात तासातासाला मीटरचे आकडे लिहितात, तीही लॉगशीट. आमच्याकडे ज्यांनी कधी इंग्रजीचा तास पाहिला नाही, त्यांच्याही तोंडात हा ओंडका रोजचा आहे.

"आणि लॉग करणं म्हणजे?" भाऊ आता रंगात आले होते. "बोटीवर एखाद्याला लॉग केलं म्हणजे त्याचा गुन्हा वहीत चढवला. पगार कापला. उगीच नाही चढवायचा. लिहिलेलं त्याला वाचून दाखवायचं, त्याला काय म्हणायचंय ते विचारायचं, आणि तेही लिहायचं."

"तुम्हाला केलं होतं का?" वहिनींनी लगेच विचारलं. इतक्या वर्षांच्या संसारात हा प्रश्न राहूनच गेला होता बहुतेक.

"मला नाही! पलीकडच्या वाडीतला एक होता आमच्याबरोबर. अँटवर्पला उतरला, आणि बोट सुटायच्या वेळेला पत्ता नाही. आला तो धावत, शिडी उचलता उचलता. कप्तानानं लॉग केलं. काय सांगायचंय, विचारलं, तर म्हणाला, घड्याळ बंद पडलं. ते तसंच लिहिलं. घड्याळ त्याच्या हातात होतं, आणि टिकटिक करत होतं."

"कोण हो? वरच्या आळीतला?" काकूंचं बँकेवरचं लक्ष पहिल्यांदाच पूर्ण उडालं.

"नाव नाही सांगायचं. मुलगी द्यायची आहे त्याच्या घरात एकाला."

त्यावरून कुणाच्या मुलीचं कुठे चाललंय याची चौकशी पाचेक मिनिटं झाली. ती इथे देण्यासारखी नाही.

"म्हणजे लॉग करणं म्हणजे लिहून ठेवणं," मी गाडी परत आणली. "मग हे इन कुठून आलं?"

भाऊंच्या बोटीवर इन नव्हतं. ते हात झटकून मोकळे झाले. काकू मात्र म्हणाल्या, "इन-आउट गिरणीत होतं की. आमचे हे सांगायचे. भोंग्याआधी फाटकाच्या आत, नाहीतर खाडा. कुणी किती वाजता आत, किती वाजता बाहेर, सगळं लागायचं."

काकूंना कल्पना नव्हती, पण त्यांनी नेमकं बोट ठेवलं होतं. कारखान्यात आत येताना घड्याळावर नोंद करायची, त्याला इंग्रज क्लॉक इन म्हणायला लागले, आणि पुढे लॉग इन घडलं ते त्याच घडणीत. हजेरीचं असं घड्याळ काढणाऱ्यांत अमेरिकेतल्या ऑबर्न गावचा विलर्ड बंडी नावाचा जवाहिऱ्या होता, १८८८ च्या सुमाराचा. प्रत्येक कामगाराला स्वतःची नंबराची किल्ली. ती घड्याळात घालून फिरवली, की कागदावर नंबर आणि वेळ छापली जायची.

ही माहिती मला गडग्यावर कुणी दिली, तर भाऊंच्या सूनबाईनं. ती पुण्याच्या कुठल्याशा कंपनीत आहे आणि सध्या इथूनच काम करते. नेट जिथे लागतं त्या ओटीच्या कोपऱ्यात बसलेली असते. कानात ती बोंडं घातलेली असतात, म्हणून आम्ही समजत होतो तिला काही ऐकू जात नाही. तिला सगळं ऐकू जातं. सासूबाईंच्या चेहऱ्यावरून दिसलं, की त्याही मनातल्या मनात गेल्या महिन्यातलं बोलणं आठवून बघताहेत.

"त्या बंडीच्या कंपनीचं पुढे काय झालं माहित्येय, काकू?" सूनबाई लॅपटॉप मिटून खाली आली. "ती दुसऱ्या हजेरी-घड्याळवाल्यांत मिसळली. ते सगळे १९११ साली आणखी दोघा-तिघांत मिसळले, आणि त्या कंपनीचं १९२४ साली नाव झालं आयबीएम."

"कॉम्प्युटरवाली?"

"तीच. आणि लॉगिन हा हुकूम पहिल्यांदा टाइप करत होते तोही आयबीएमच्याच मशीनवर. एमआयटीमध्ये. बोस्टनच्या शेजारी."

मग जे सूनबाईनं सांगितलं, ते ऐकताना मला वाटलं, हिचा आणि एमआयटीचा गडगा एकच असावा. त्या काळी कॉम्प्युटर एक, खोलीभर, आणि माणसं शंभर. छिद्रं पाडलेली कार्डं खिडकीत द्यायची आणि उद्या या. फर्नांडो कोर्बातो नावाच्या प्राध्यापकानं डोकं लढवलं, की मशीन एवढं चपळ आहे, तर प्रत्येकाला क्षणक्षण देत फिरू दे, प्रत्येकाला वाटेल आपलंच आहे. नोव्हेंबर १९६१ मध्ये करून दाखवलं. टाइपरायटरसारख्या यंत्रावर बसायचं आणि थेट बोलायचं मशीनशी. पण वेळ महाग. कोण बसलं, किती वेळ बसलं, याचा हिशेब हवा. म्हणून बसल्याबरोबर लॉगिन, मग कामाचा नंबर, मग नाव. उठताना लॉगआउट, की मशीन छापून दाखवणार, इतका वेळ वापरलात. १९६३ च्या त्यांच्या पुस्तिकेत हे दोन्ही शब्द आहेत.

"म्हणजे दार नाहीच," मी म्हटलं.

"दार कुठलं? हजेरीपट. तुम्ही वापरलेली मिनिटं तुमच्या नावावर टाकायला."

काकू म्हणाल्या, "मग पासवर्ड कशाला? हजेरीला पासवर्ड नव्हता गिरणीत."

"कारण दुसऱ्याच्या नावावर वेळ खाल्ली तर? प्रत्येकाच्या फायली वेगळ्या, त्या दुसऱ्यानं उघडल्या तर? म्हणून पासवर्ड. आणि काकू, ठेवला तसा चोरीला गेला." सूनबाईनं आवाज खाली आणला. इथे ऐकायला कोण होतं? पण अशा गोष्टी खालच्या आवाजातच सांगायच्या असतात. "ॲलन शेर नावाचा विद्यार्थी होता. पीएचडी करायचा. त्याला आठवड्याला चार तास मिळायचे, ते पुरेनात. १९६२ मध्ये त्यानं काय केलं, एका शुक्रवारी रात्री उशिरा एक कार्ड टाकून ठेवलं: पासवर्डची फाइल छापून दे. मशीननं छापली. शनिवारी पहाटे कुणी यायच्या आत जाऊन कागद उचलला. सगळ्यांचे पासवर्ड."

"मेला!" काकू म्हणाल्या. आवाजात कौतुक होतं.

"पुढे ऐका. एकट्यावर येऊ नये म्हणून तो कागद आणखी काही जणांना दिला. त्यात एक लिकलायडर. मोठा माणूस हो, इंटरनेटच्या मुळाशी ज्याचं नाव घेतात तो. त्यानं काय करावं? प्रयोगशाळेचे प्रमुख रॉबर्ट फानो, त्यांच्या नावानं शिरून त्यांनाच चिडवणारे निरोप लिहून ठेवायला लागला."

"एवढा शिकलेला?"

"शिकलेलेच करतात," वहिनी म्हणाल्या आणि कुळीथ परत सुपात घेतले.

"शेरनं कबूल कधी केलं, माहित्येय? पंचवीस वर्षांनी. तोवर पीएचडी पचली होती."

आणि एवढ्यानं संपलं नाही. १९६६ साली तिथेच आणखी एक प्रकार. लॉगिन केलं की सुरुवातीला आजची सूचना म्हणून दोन ओळी यायच्या. दोघा माणसांनी एकाच वेळी दोन फायली दुरुस्त करायला घेतल्या, एकानं सूचनेची, दुसऱ्यानं पासवर्डची. मशीननं दोन्हींना आत एकच तात्पुरतं नाव दिलं, आणि फायलींची अदलाबदल झाली. त्यानंतर जो लॉगिन करेल त्याच्यासमोर सूचनेच्या जागी सगळ्यांचे पासवर्ड. तोही वार शुक्रवार. संध्याकाळचे पाच. एकाच्या लक्षात आलं, त्यानं मशीनच बंद पाडलं, म्हणून निभावलं. पासवर्ड बदलत बसणाऱ्याची संध्याकाळ मात्र गेली.

"शुक्रवारच वाईट त्यांचा," काकूंनी निकाल दिला. "काहीतरी करायला हवं होतं त्यांनी शुक्रवारचं."

"आणि ते कोर्बातो?" मी विचारलं. माझा जीव त्या प्राध्यापकात अडकला होता.

"त्यांना १९९० चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. त्या वेळच्या व्याख्यानात ही अदलाबदलीची गोष्ट त्यांनी स्वतःच सांगितली. २०१९ मध्ये गेले. पण त्याच्या आधी, २०१४ च्या सुमाराला, एका वर्तमानपत्रवाल्याला म्हणाले, की पासवर्ड हा आता ताप होऊन बसलाय. स्वतः ते सगळे पासवर्ड कागदावर टाइप करून ठेवत. तीन पानं भरली होती."

काकूंचा चेहरा उजळला. "कागदावर? आणि आमचा मुंबईहून फोन करकरून सांगतो, आई, कागदावर लिहू नको. ज्यानं काढलं तोच लिहितोय!" त्या जवळजवळ धावतच घरी गेल्या आणि कॅलेंडर घेऊन आल्या. फेब्रुवारीच्या पानामागे, दुधाच्या हिशेबाखाली, पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. काकूंनी ते सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचलं. सूनबाईनं कपाळाला हात लावला.

"काकू, पासवर्ड असा ओरडून सांगत नाहीत."

"मग होत का नाही लॉगिन, ते सांग."

सूनबाईनं मोबाइल घेतला. काकू पासवर्डाचं पहिलं अक्षर मोठं घालत होत्या. त्यांची चूक नव्हती, नाव असलं की पहिलं अक्षर मोठं, हे मीच त्यांच्या मुलाला पाचवीत शिकवलं होतं आणि घरी बसून त्यांनीही ऐकलं होतं. मुलानं मात्र सगळी अक्षरं बारीक ठेवलेली. दुसऱ्या वेळेला लागलं. चाक फिरलं, हिरवी खूण आली, काकूंचं नाव आलं.

"झालं! शिल्लक बघ आधी."

"बघा तुम्हीच. मी तोंड फिरवते," सूनबाई म्हणाली. वहिनी आणि मी तोंड फिरवलं नाही.

शिल्लक जागेवर होती. काकूंनी समाधानानं मान हलवली आणि मग चष्मा नाकावर खाली ओढून पुन्हा बघितलं. "हे काय गो वर बारीक? लास्ट लॉगिन."

"म्हणजे शेवटची नोंद. आधी कधी आला होतात ते."

"काल रात्री अकरा बेचाळीस लिहिलंय."

"मग काल रात्री बघितलं असेल तुम्ही."

"काल मी साडेनवालाच आडवी झाले. आणि काल कुठे होत होतं माझं? कालपासून इनव्हॅलिडच आहे."

गडग्यावर एकदम सगळे जवळ सरकलो. भाऊ दोर गुंडाळत होते, तेही थांबले. पासवर्ड कॅलेंडरच्या मागे, कॅलेंडर काकूंच्या घरात. आणखी पासवर्ड माहीत होता तो एकाच ठिकाणी, मुंबईला.

"मुलगा असेल," भाऊ हळूच म्हणाले. "काळजीनं बघत असेल. पैसे नीट आहेत ना म्हणून."

"रात्री पावणेबाराला काळजी?" काकू म्हणाल्या.

वहिनींनी सुपातला कचरा एका फुंकरीत उडवला. "मुलगा कशाला असेल? त्याला दहाला झोप लागते, तुम्हीच सांगता. मला तर वाटतं, सून आहे."

काकूंनी मोबाइल बंद केला, पुन्हा उघडला, आणि आमच्यादेखत मुंबईला फोन लावला.